ओरिजिनल गंधार

रिफअत : ...आणि म्हणूनच शांतपणे सांगतो, उस्ताद शौकी. वजनमाप खात्यात निरीक्षक आहे मी. काळ्याचे पांढरे झाले तिथे. अख्ख्या कैरोत एक माणूस उभा करा, जो म्हणेल की या रिफअत अब्दुलमुईझनं कधी नियम मोडला.

नेवीन : बाबा, आपली गाडी दवाखान्याच्या फाटकात लावलीय.

रिफअत : ते तात्पुरतं आहे.

शौकी : बसा हो, रिफअतसाहेब. त्या खुर्चीवर नको, तिथे माझा कोट आहे. आज नदीपलीकडे इम्बाबाला लग्न वाजवायचंय, म्हणून ही इस्त्री चाललीय. चहा टाकू? का जास्वंदीचं गार करकदे? पोरी, तू काय घेशील?

नेवीन : करकदे.

रिफअत : काही नको. आम्ही पाहुणे म्हणून आलो नाही, तक्रारदार म्हणून आलोय. तुम्ही मला विकलेला पियानो मापात कमी आहे.

शौकी : मापात? अहो, पियानो आहे का टरबूज? आणि पियानो तरी कुठला, संगणकातले आवाज आहेत ते. परदेशात कुणीतरी एका हॉलमध्ये भलामोठा पियानो ठेवला, एकेक पट्टी हळू, जोरात, आणखी जोरात अशी वाजवून रेकॉर्ड केली आणि विकायला काढली. तुम्ही घरी कीबोर्डची पट्टी दाबली की तिकडचा तो आवाज इकडे वाजतो. त्यात कमी काय होणार?

रिफअत : अठ्ठ्याऐंशी पट्ट्या मी मोजून घेतल्या होत्या.

शौकी : घेतल्यात की. याच खोलीत. एकेक दाबून. खालचा चहावाला वर विचारायला आला होता, काय बिघडलंय म्हणून.

रिफअत : आणि विचारलं होतं, किती वापरलाय. तुम्ही म्हणालात, सणासुदीपुरता.

शौकी : तुम्ही तीनदा विचारलंत, काहीतरी सांगायला नको? आवाज वापरून झिजत नाही असं म्हटलं, तर तुम्ही माझ्याकडे खिसेकापूकडे बघावं तसं बघितलंत. शेवटी मधल्या पट्ट्या जास्त झिजल्यात म्हणून भाव पाडून घेतलात.

रिफअत : म्हणजे झिजल्याचं तुम्ही मान्य केलंत.

शौकी : मी भाव मान्य केला.

रिफअत : माझा मुद्दा भावाचा नाही. खाली याच रस्त्यावर तुमचे भाऊबंद हाच पियानो चोरून उतरवलेला, हवा तितक्यांना वाटत होते. एकानं तर ऊद वाद्याची तार घेतली तर पियानो वर फुकट देतो म्हटलं. मी म्हणालो, नाही. माझ्या मुलीच्या कानात चोरीचा सूर जाणार नाही. खरा पियानो आमच्या जिन्यातून चढत नाही. कंपनीकडून नवा घ्यावा तर डॉलर मोजा, आणि डॉलरकडे आता मान वर करून बघावं लागतं. म्हणून सेकंडहँड. पण रीतसर. तुम्ही कंपनीला लिहिलंत, कंपनीनं तुमचं नाव काढून माझं नाव घातलं आणि तसं मला पत्र पाठवलं. ते मी फ्रेम करून कीबोर्डच्या वर लावलंय.

नेवीन : आजोबांच्या जागी.

रिफअत : आजोबांना दिवाणखान्यात नेलंय.

शौकी : उभ्या जन्मात असं पत्र मागणारे तुम्हीच पहिले भेटलात, साहेब. कंपनीला ते लिहिताना आपण काही गुन्हा तर करत नाही ना, असं वाटलं.

रिफअत : इथेच तर सगळं आलं. साऱ्या शहरात एक माणूस कायद्यानं सूर विकत घेतो, आणि नेमका त्याच्याच पदरात उतरलेला गंधार पडतो. चोरांच्या पोरी पास होतात. माझी नापास.

शौकी : उतरलेला? कुठला गंधार?

नेवीन : सगळे. खालपासून वरपर्यंत. आणि निषादसुद्धा.

शौकी : उतरलेला म्हणजे कितपत?

नेवीन : शुद्ध नाही आणि कोमलपण नाही. मधला. लग्नात वाजतो तो.

(शौकीची इस्त्री शर्टावर तशीच राहते. खोलीत जळका वास येतो. शौकी इस्त्री उचलतो.)

शौकी : शर्ट गेला.

रिफअत : शर्ट गेला म्हणतात. इथे वर्ष गेलं मुलीचं. तुम्हाला ठाऊक आहे काय झालं परीक्षेत? संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा. समोर तीन परीक्षक. हिला पियानो शिकवणाऱ्या बाई वसंतात कुवेतला गेल्या, तेव्हापासून ही घरीच, या तुमच्या पियानोवर तयारी करत होती. रोज. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली तरी. तिथे गेली, वाजवायला बसली, आणि गंधार आला की थांबायची. पुन्हा सुरू, पुन्हा गंधार, पुन्हा थांबली. एकदा उठून झाकण उघडून आत डोकावली.

शौकी : परीक्षेत?

नेवीन : आत काही अडकलंय का बघत होते.

रिफअत : मग मधल्या बाईंनी विचारलं, काय होतंय. तर ही म्हणाली... सांग, काय म्हणालीस.

नेवीन : मी म्हटलं, तुमचा गंधार चढा आहे. आमच्या घरी ओरिजिनल आहे.

शौकी : या रब्बी! अरे देवा!

रिफअत : त्यांनी एक सूर वाजवून हिला गायला सांगितलं. ही खाली गायली. पुन्हा वाजवला. ही पुन्हा खाली, आणि वर त्यांच्याकडे दयेनं बघितलं. दुसऱ्या दिवशी यादीत नाव नाही. मी तडक कानाच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी सगळी यंत्रं लावली आणि म्हणाले, मुलीचे कान उत्तम आहेत, रक्तदाब तुमचा वाढलाय.

शौकी : मग माझ्यापर्यंत कसे पोचलात?

रिफअत : गेल्या गुरुवारी बन्हा गावी पुतणीचं लग्न होतं. नवरीची वरात दारात आली, बँड सुरू झाला, आणि कित्येक दिवस तोंड मिटून बसलेली ही माझ्या कानाशी येऊन म्हणाली, बाबा, इथला कीबोर्ड बरोबर आहे. माझ्या हातातला घास हातातच राहिला. आता बोला.

शौकी : बोलतो. तुम्ही रागावू नका.

रिफअत : रागावलेलो आहेच. पुढचं बोला.

शौकी : त्या पियानोचं सगळं मिळून ओझं केवढं होतं आठवतंय? इंटरनेटवरून घरी उतरवायचा म्हटला, तर तुमचा दोन महिन्यांचा कोटा संपला असता. तुम्हीच म्हणालात, एवढं नेट कोण जाळणार, हार्ड डिस्कच द्या. मी उचलून दिली. आता त्या डिस्कवर आवाजांबरोबर माझी मांडणीही होती. लग्नातल्या गाण्यांना मधले गंधार-निषाद लागतात, म्हणून मी पियानो तसाच लावून ठेवलेला. उघडला की पहिला तोच सूर यावा. नवरी जिना उतरतेय आणि मी माउस शोधत बसलोय, असं चालतं का कुठे?

रिफअत : म्हणजे भेसळ.

शौकी : भेसळ कसली, साहेब. फोडणी म्हणा.

रिफअत : पिठात खडू मिसळणारासुद्धा मला फोडणीच म्हणाला होता. त्याचं दुकान मी सील केलं. असं काही असेल तर डब्यावर लिहायला नको?

शौकी : लिहिलंय की. उघडल्यावर वर कोपऱ्यात दिसतं. 'शौकी, लग्न.'

रिफअत : ते?

शौकी : तेच. तुम्हाला काय वाटलं?

रिफअत : मला वाटलं, आधीच्या मालकाचं नाव आणि वैवाहिक स्थिती. ओळखपत्रावर असते तशी.

शौकी : पियानोवर माझी वैवाहिक स्थिती कंपनी कशाला लिहील?

रिफअत : परदेशी कंपन्या काटेकोर असतात. मी तर त्यांचं मनात कौतुक केलं होतं.

शौकी : त्या नावाच्या शेजारी एक बाण आहे. तो दाबला की कंपनीचा मूळ सूर लागतो. झालं. एवढंच.

रिफअत : एवढंच. माझ्या मुलीचं भवितव्य एका बाणावर अडलं होतं, आणि हे म्हणतात एवढंच. ते काही नाही. आज संगीतशाळेत फेरविचाराचे अर्ज ऐकतायत, संध्याकाळपर्यंत. तुम्ही आमच्याबरोबर चला. तिथे उभं राहून सांगा की दोष मुलीचा नाही, मालाचा आहे, आणि माल तुमचा होता.

शौकी : आज? इम्बाबाची नवरी...

रिफअत : नवरीला दुसरा वाजवणारा मिळेल. माझ्या मुलीला दुसरं वय मिळणार नाही. पुढच्या वर्षी ती त्यांच्या मर्यादेबाहेर जाते.

शौकी : आणि मी काय सांगू तिथे? तिघं विद्वान बसलेले, कोट घातलेले. त्यांच्यापुढे हा लग्नातला शौकी जाऊन म्हणणार, मी तुमच्या बाखच्या संगीताला मेंदी लावली. ते हसतील, साहेब. बाहेर आल्यावर धंद्यातले हसतील ते वेगळंच.

रिफअत : मग हसू द्या. मी इतके दिवस रडतोय, त्याचं काय?

नेवीन : बाबा रडले नाहीत. आत्याशी फोनवर भांडले.

शौकी : थांबा. आधी एक बघू. पोरी, इकडे ये, या कीबोर्डपाशी. मी एक सूर देतो, तू गा. नुसता आ. ...हां. आता हा. ...बरं. आता मी वाजवणार नाही. आधी माझा लग्नातला गंधार गा, मग संगीतशाळेतल्या बाईंचा.

नेवीन : आ... आणि त्यांचा, आ...

शौकी : पुन्हा. उलट क्रमानं.

नेवीन : आ... आ...

रिफअत : काय झालं? पुन्हा चुकली का? उस्ताद, काय ते लवकर सांगा. मला रक्तदाब आहे.

शौकी : साहेब, आमचा व्हायोलिनवाला तीस वर्षं दर गुरुवारी यातला एक गंधार शोधतोय. अजून सापडला नाही त्याला. हिच्याकडे दोन्ही आहेत. न वाजवता. वेगवेगळ्या कप्प्यात ठेवल्यासारखे.

रिफअत : म्हणजे चांगलं की वाईट?

शौकी : म्हणजे मी येतो. हा दुसरा शर्ट घालतो, चुरगळलेला का असेना. सांगतो त्यांना, चूक माझी, सूर माझा, आणि हवं तर हिला माझ्यासमोर दोन्ही गायला लावा. मात्र इम्बाबाला मला तुम्ही सोडायचं. आणि ते फ्रेममधलं पत्र तिथे काढायचं नाही.

रिफअत : पत्र मी बरोबर आणलंय.

शौकी : फ्रेमसकट?

नेवीन : गाडीत आहे. मागच्या सीटवर, पट्टा लावून.

रिफअत : पुरावा आहे तो. त्यांना कळायला हवं की आम्ही चोरटे नाही. त्यांच्या संगीतशाळेतल्या निम्म्या पोरांच्या घरी चोरीचा माल वाजतो, आणि ती पोरं आत. मी हे तिथे बोलणार आहे.

शौकी : हे बोललात तर मी अर्ध्या जिन्यातून परत फिरेन. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभे राहा, पडलेल्या चेहऱ्यानं. तेवढं पुरे. आता मला एकच सांगा, कारण ते हे पहिलं विचारतील. इतका तल्लख कान, तर घरी पियानो आल्यावर पोरीला काही खटकलं कसं नाही?

रिफअत : लेकरू आहे ते. त्याला काय कळणार? सराईत माणसानं दिलेला खोटा माल मोठ्यांना ओळखता येत नाही. मलाही आला नाही, आणि माझा तर धंदाच तो आहे. त्यांना हेच सांगायचं, की अशा फसवणुकीपुढे एक निष्पाप मुलगी...

शौकी : तिला बोलू द्या, साहेब. काय गं पोरी? खरंच काही वाटलं नाही?

नेवीन : वाटलं ना. पहिल्याच दिवशी. मी बाबांना सांगितलं, याचा गंधार उतरलेला आहे, शिकवणाऱ्या बाईंच्या पियानोचा असा नव्हता.

शौकी : मग?

नेवीन : बाबा म्हणाले, बाईंकडे कंपनीचं पत्र नाही.