पाळण्याचं चित्र

लोकांनी केलेलं कौतुक कानी पडावं म्हणून लॉर्ड हॅव्हरिल साधा कोट घालून आपल्याच चित्रदालनात गर्दीत उभे होते. त्यांच्या लाडक्या चित्रापुढे दोघी बायका बोलत होत्या; चित्रात घरापुढच्या बर्फात सामान विखुरलेलं होतं आणि मधोमध एक पाळणा होता.

“हे आमचंच घर, आणि तो पाळणा माझा.”

“घराबाहेर का काढलं गं?”

“निवडणुकीत मत सगळ्यांदेखत द्यावं लागतं ना. ह्यांनी लॉर्डसाहेबांच्या माणसाला नाही दिलं. आम्ही त्यांच्याच घरात भाड्यानं; दुसऱ्याच दिवशी त्यांच्या कारभाऱ्यानं सामान बर्फात फेकलं.”

“आणि चित्रकार?”

“साहेबांचाच पाहुणा. म्हणाला, उजेड आहे तोवर काही हलवू नका, चित्र बघून साहेबांना दया येईल.”

“अगं, पाळण्यात बाळ होतं ना?”

“होतं.”

“आता केवढं झालं?”

तिनं चित्राकडे बोट केलं.

“एवढंच.”