उलट्याचं उलट

(प्रयोगशाळेच्या कंट्रोल रूममध्ये नवरा-बायको. दोघंही इथल्या, आयनांचा म्हणजे विद्युतभारित कणांचा झोत सोडणाऱ्या यंत्रावर काम करणारे शास्त्रज्ञ.)

ती : परत ये रे माझ्या मागल्या! आयनांचा झुबका आखूड व्हायचा सोडून लांबलाय.

तो : दिसतंय मला.

ती : पुढचे सुसाट, मागचे रेंगाळतायत. पुढच्यांना आवरायचं, मागच्यांना रेटायचं, तरच शेवटी सगळे एकदम आदळणार ना?

तो : मला शिकवतेस?

ती : स्वतःलाच सांगतेय. डोकं चालेनासं झालंय.

तो : साहेबांचा फोन येऊन गेला. आज दाबलेल्या झुबक्याचा आलेख दिला नाही, तर सोमवारपासून यंत्र सुटं करायला घेणार.

ती : म्हणजे या झुबक्याच्या माऱ्याने इंधनाची गोळी पेटवून वीज करायची स्वप्नंही गुंडाळायची.

तो : मला कळत नाही, सकाळी मी केबल उलट्या जोडल्या, तरी तेच कसं?

ती : काय केलंस?

तो : पुढच्यांना आवरणाऱ्या व्होल्टेजची दिशा चुकली होती. खाली जाऊन केबलची अदलाबदल केली.

ती : अरे देवा! मी इथे बसून प्रोग्राममध्ये दिशा उलटी केली.

तो : म्हणजे उलट्याचं उलट.

ती : म्हणजे दिवसभर होतो तिथेच. दोघंच माणसं, तरी कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

तो : सांगायचंस ना मला!

ती : तू सांगितलंस?

तो : आपण बोलत नव्हतो.

ती : हो. मंगळवारपासून.

तो : यंत्र बंद पडलं तर बहिणीकडे जाऊन राहीन, म्हणालीस त्या दिवशी. एकटी.

ती : आधी हे निस्तरू दे. मी प्रोग्राम पूर्ववत करते. तू केबलला हात लावू नकोस.

तो : नाही लावत.

ती : झालं. सोड शॉट.

तो : सोडला... अगं, बघ! केवढासा झालाय!

ती : दबला रे. खरंच दबला.

तो : साहेबांना आलेख पाठवतो. यंत्र वाचलं गं! आता बहिणीकडे जायचं कारणच उरलं नाही.

ती : मी तिला कालच कळवलंय. येते म्हणून.

तो : तिला कळवलंस, आणि मला नाही?

ती : आत्ता सांगतेय ना. मी दमलेय रे. यंत्रामुळे नाही. घरात दोन माणसं असून एकटं राहायचं, त्याने दमलेय.

तो : मीही.

ती : मग बोलायचं होतंस.

तो : थांबशील?

ती : विचारलंस, ते बरं केलंस. कळवते तिला, येत नाही म्हणून.