शून्याला शंका नसते

हॅलो?… हॅलो, कोण?… राजी होय! अगं, मोठ्यानं बोल की. इथं कढईत उडदाचे गारेलु तडतडतायत, काही ऐकू येत नाही… थांब, गॅस बारीक करते.

हं, बोल आता.

…नाही. बसवली नाही.

अगं, बिंदूला बसमध्ये बसवली नाही, म्हणतेय… हो, सकाळची बस गेली. अमलापुरम सोडून विजयवाड्याच्या वाटेला लागलीही असेल. पण तुझी लेक इथंच आहे. माझ्याच घरात. न्हाऊन, वेणी घालून, मागच्या दारी वासराला गवत घालतेय.

ताप नाही… पडली नाही, लागलं नाही. राजी, आधी खाली बस बघू तू.

हो, उद्या शाळा उघडते, माहीत आहे… परीक्षा आहे, तेही माहीत आहे. संक्रांतीचे सगळे दिवस फोनवर दुसरं काय बोललीस? तिळगुळाचं विचारशील, पतंगाचं विचारशील, तर नाही. ‘पुस्तक उघडलं का, पुस्तक उघडलं का.’

मी लाडावून ठेवते? बरं बाई, ठेवते. सणाला आलेल्या पोरीचे लाड मावशीनं नाही करायचे, तर काय कालव्याकाठच्या पोलिसानं?

…हो, ऐकतेय. आता तू ऐक. यांनी पहाटेच पिशवी भरून अंगणात ठेवली होती. गुळाच्या अरिसेलुंचा डबा, लोणचं, तुझ्या सासूबाईंसाठी नारळ. बिंदूनं चपला घातल्या, पिशवीपर्यंत गेली आणि तिथंच उभी. मला म्हणते, “पेद्दम्मा, मी नाही गेले तर चालेल का?”

हट्ट केला असता ना, तर मी गोडीगुलाबीनं बसवली असती. रडली असती तर डोळे पुसून बसवली असती. पण तिनं परवानगी मागितली गं! अशी मागितली, की जणू चालणार नाही हे तिला ठाऊकच आहे. माझा हातच उचलेना. यांना म्हटलं, पिशवी आत घ्या.

…नाही, एवढंच नाही. आणखी आहे. सांगते, पण आधी शपथ घे की ओरडणार नाहीस… अगं, घे तर.

काल आपल्या अम्माला चक्कर आली होती… बरी आहे! बरी आहे, राजी! ठणठणीत आहे! आत्ता ओसरीवर बसून शेजारणीच्या नव्या सुनेची उलटतपासणी घेतेय… ऐकू आला ना आवाज? मग! हिला काय धाड भरलीय.

काल सांगितलं नाही, कारण काल कनुमाचा सण. तुझ्या घरी पाहुणे, इकडे सगळं सावरलेलं. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला.

झालं असं… ऐक ना. अम्मानं पहाटे कॉफी घेतली आणि तिच्याबरोबरच प्रेशरची गोळी घेतली. आपल्या हातानं. बिंदू शेजारीच बसली होती, पाण्याचा पेला तिनंच भरून दिला. मला काय माहीत! मी आत उडीद वाटत होते. मग नाश्त्याच्या वेळी मी रोजच्यासारखी गोळी काढली आणि अम्माच्या हातावर ठेवली. अम्मा म्हणाली, “थांब गं, मघाशी घेतली का मी? बिंदू, तू होतीस ना बाळ? घेतली का गं मी?”

आणि तुझी लेक म्हणाली, “माहीत नाही, अम्मम्मा.”

…अगं नाही! विसरली नव्हती… खोटंही बोलत नव्हती. तू मध्ये बोललीस की माझा धागा तुटतो.

अम्मानं घेतली गोळी. घटकाभरानं उठायला गेली आणि जात्याजवळ मटकन खालीच बसली, चेहरा पिठासारखा पांढरा. हे धावले, डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी झोपवलं, पायाखाली उशा दिल्या, प्रेशर बघितलं. ‘दोनदा घेतली का गोळी?’ त्यांनीच विचारलं. मी म्हटलं छे. डबी मोजली तर एक कमी. तेव्हा कुठं उजेड पडला. संध्याकाळी पुन्हा येऊन बघून गेले, सगळं ठीक.

हो… हो… देवाची कृपा. मी कालच नारळ फोडला.

पण या धांदलीत बिंदू दिसेना. माडीवर नाही, गोठ्यात नाही. मला वाटलं, घाबरून शेजारी गेली असेल. मग यांनाच दिसली, मागे नारळाच्या सोडणांचा ढीग आहे ना, त्याच्यामागे. गुडघ्यात डोकं घालून बसलेली. यांनी हाक मारली तर म्हणाली, “पेद्दनान्ना, मी बघितलं होतं. गोळी घेताना मी बघितलं होतं.”

हे म्हणाले, “मग बोलली का नाहीस गं?”

तर म्हणाली, “मला वाटलं, माझंच चुकलं असेल.”

…राजी?… आहेस ना?

हं.

स्वतःच्या हातानं पेला भरून दिलेला. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. आणि तरी पोरीला आपल्या डोळ्यांचा भरवसा नाही. मी विचारलं असतं तर एक वेळ म्हणाले असते, मला घाबरली. पण अम्माला? अम्माला मांजरसुद्धा घाबरत नाही.

मग काय, अम्माच म्हणाली, आणा तिला माझ्याकडे. झोपल्या झोपल्या तिला कुशीत घेतली आणि म्हणते, “मोतीबिंदू माझ्या डोळ्यात, आणि आंधळी तू होय गं?” मग हसली पोर. हसता हसता जी रडायला लागली… बाई बाई. अम्माची चोळी भिजली. आणि मग एकेक बाहेर आलं.

तुमचे ते गणिताचे सर.

…हो, तेच. ज्यांचं तू कौतुक सांगत असतेस. त्यांच्या हाताखालची मुलं कुठं कुठं लागली, ते.

अगं, ऐकून तर घे! पावसाळ्यात कधीतरी झालेली गोष्ट. सर फळ्यावर गणित सोडवत होते. मध्येच एका ओळीत उणेचं अधिक झालं. बिंदूनं हात वर केला, म्हणाली, “सर, तिथं उणे होतं.” वाईट काय बोलली? ‘सर’ म्हणूनच बोलली. तर त्यांनी मागे वळून बघितलं, म्हणाले, “नाव काय तुझं?” ही म्हणाली, “हिमबिंदू.” ते म्हणाले, “बिंदू म्हणजे शून्य. शून्याला शंका नसते. खाली बस आणि आधी डोळे तपासून घे.”

वर्ग हसला.

…हो, चूक सरांचीच होती. मग गुपचूप पुसून दुरुस्त केली, तिच्यादेखत. तिला मात्र काही म्हणाले नाहीत.

आणि तेवढ्यावर संपलं असतं, तर मी म्हटलं असतं, माणूस आहे, डोकं फिरलं असेल. पण त्या दिवसापासून तिचं नाव शून्यच पडलं. हजेरी घेताना शून्य. उत्तरपत्रिका वाटताना, “घ्या शून्यबाई.” ही उभी राहिली की मागून मुलं तोंडाचा चंबू करून ‘ओ’ म्हणतात. मैत्रिणी डबा खायला जवळ बसत नाहीत. तिनं हात वर करणं सोडलं. मग येत असलेली उत्तरंही येईनाशी झाली. म्हणते, “पेद्दम्मा, लिहिते आणि खोडते. लिहिते आणि खोडते. घंटा होते.”

…हो, म्हणूनच मार्क घसरले. बुद्धी कुठं गेली नाही गं पोरीची.

पोटात दुखायचं ना तिच्या रोज सकाळी? तू डॉक्टरकडे नेलीस, सोनोग्राफी केलीस, ओव्याचा अर्क पाजलास. पोटात काही नव्हतंच, राजी. शाळेचा रिक्षा यायची वेळ व्हायची, ते दुखणं.

…तुला सांगितलं होतं तिनं. एकदा. तू पोळ्या लाटत होतीस म्हणे. तू म्हणालीस, “सर बोलतात ते तुझ्या भल्याचंच बोलतात.” मग पुन्हा नाही बोलली.

अगं, मी तुला दोष देत नाहीये… नाही गं, वेडे. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आपल्याला शिकवलंयच तसं. गुरू म्हणजे देव.

हां, हे मी वाटच बघत होते, कधी म्हणतेस! ‘आपण नाही का मार खाल्ला, आपण नाही का घडलो?’ घडलीस? सांगू का किती घडलीस?… सांगतेच. आपल्या इंग्लिशच्या मॅडम आठवतात? तू धडा वाचलास की रुमाल नाकाला लावायच्या. “शेणाचा वास येतोय कुणाच्या तरी उच्चारांना.” आठवतं? आज तू दोन लेकरांची आई आहेस, घर चालवतेस, सासूचं आजारपण एकटीनं काढलंस. आणि बँकेतून फोन आला, पलीकडून कुणी इंग्लिशमध्ये बोललं, की फोन नवऱ्याच्या, मूर्तीगारूंच्या हातात कोंबतेस. ते आंघोळीला असले तर फोन कट करतेस. त्या मॅडम जाऊन किती वर्षं झाली असतील! त्यांचा रुमाल अजून तुझ्या नाकासमोर आहे.

…

राजी.

रडू नकोस गं. ए… ऐक ना. मी चिडवायला नाही बोलले.

…हो. हो गं. माहीत आहे मला. तू तिच्यासाठीच राबतेस. माझ्यासारखी खेड्यात अडकू नये, म्हणूनच ना… अडकले तर अडकले, सुखात आहे मी, ते सोड.

यांचं ऐक गंमत. बिंदूचं रडणं बघून यांना राहवेना. लगेच सुरू, “बाळ, शून्याला कमी समजू नकोस, एकावर शून्य दिलं की दहा, दहावर दिलं की…” मी म्हटलं, अहो, पुरे! पोरीला गणितानंच मारलंय, तुम्ही वर आणखी गणितच पाजताय. बिचारे उठले. मग जाऊन तिच्यासाठी शहाळं उतरवून आणलं. ते मात्र कामाला आलं.

…हसलीस. बरं वाटलं.

मग आता काय ठरवतेस?… कोण जाणार? मूर्तीगारू?

…तू? तू जाणार मुख्याध्यापकांकडे?

नाही, हसत नाहीये. जा. नक्की जा… अगं, इंग्लिशमध्ये कशाला? तुझ्या मुलीचं दुःख सांगायला तुला परकी भाषा कशाला लागते? तेलुगूत बोल, स्वच्छ बोल. “माझ्या मुलीचं नाव हिमबिंदू आहे. वर्गात त्याच नावानं हाक मारली गेली पाहिजे.” पहिलं वाक्य एवढंच. पुढचं आपोआप येईल. आणि त्यांनी मनावर घेतलं नाही, तर सरळ वर्ग बदलून माग. नाही दिला तर शाळा बदल. विजयवाड्यात शाळांची काय वाण आहे?

चिडू मात्र नकोस हां तिथं. त्या सरांनाही कुणीतरी असंच घडवलं असेल, कोण जाणे. पण त्याचा हिशेब आपल्या पोरीनं का चुकवायचा?

…आज येता? दोघंही? अगं वा! मग दोन दिवस राहूनच जा. शाळा दोन दिवस थांबेल… थांबेल गं! परीक्षेच्या आधी पोचवू की. अम्मालाही बघून होईल.

काय?… हो, आहे. बोलावते. पण राजी, एक ऐक. पुस्तकाचं विचारू नकोस. नंबराचं तर नावच काढू नकोस. आणि गोळीचंही नको… हो, ओरडणार नाहीस, माहीत आहे. पण ‘का नाही सांगितलंस’ हेसुद्धा नको. नुसती बोल तिच्याशी. काय खाल्लं, वासराचं नाव काय ठेवलं, असं काहीतरी.

बिंदूऽऽ! ए बिंदू! तुझी अम्मा आहे फोनवर… नाही गं बाळ, रागावलेली नाही. माझी शपथ… हात पूस आधी, गवत लागलंय सगळं. हं. घे. मी इथंच उभी आहे. बोल.

हॅलो… अम्मा?

…हो.

…खाल्लं. गारेलु. तीन… नाही, पेद्दम्मा आणखी देतेय.

…कृष्णवेणी. पण हाक मारली की येत नाही. गूळ दाखवला की येते.

…

अम्मा, तू रडतेयस का?

…मीपण नाही रडत.

…हो. सांगितलं मी त्यांना… हो, सगळं.

…तू?… खरंच तू येणार शाळेत?… आणि सर तिथं असतील?

…मी पण येऊ आत? का बाहेर थांबू?… येते. आत येते.

…आज? नान्नापण? कारनं?

मग अम्मा, कालव्याच्या पुलावरून नका येऊ. पूल खणलाय. इथल्या शाळेमागच्या रस्त्यानं या… नाही, पूल बंद आहे. काल पेद्दनान्नांबरोबर डॉक्टरांना सोडायला गेले होते, तेव्हा बघितलं. दगड लावलेत आडवे.

…नान्नांच्या फोनवर, नकाशात, पूल उघडा दिसतोय?

…

नाही, अम्मा. फोनवर दिसू दे. मी बघितलंय. बंदच आहे.

…हो. नक्की.

…नक्की गं! शाळेमागून या म्हणून सांग त्यांना. मी वळणावर येऊन उभी राहते. ठेवते.