जड धातू, हलका माल

मी पालक खाणं काऊन सोडलं, ते तुम्ही विचारता ना, तर ऐका. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. उंद्रीचे प्रल्हादभाऊ माझ्या जुन्या ओळखीचे, दर बाजाराला पालकाची जुडी आणून देणारे. भाजीच्या वावरात त्यांनी शहराच्या सांडपाण्याचा वाळलेला गाळ खत म्हणून टाकला होता. त्या मातीचा अहवाल आला, तेव्हा मी त्यांना बसवून सांगितलं, "भाऊ, मातीत जड धातू निघाले. शिसं आहे, कॅडमियम आहे."

भाऊ निवांतपणे म्हणाले, "जड हायेत ना ताई? मंग बसतीन खाली. पालकाची मुळी कुठं तेवढी खोल जाते?"

"जड हे नुसतं नाव आहे, भाऊ. आपली माती चुनखडीची, ती त्यांना वरच्या थरातच धरून ठेवते. तिथून ते थोडे थोडे पानात चढतात. घरी हीच भाजी खाता का?"

"नाही बा. घरच्यासाठी दोन वाफे अलग हायेत. तिथं गाळ टाकलाच नाही. पोरायले त्याची किळस येते."

मला जरा हायसं वाटलं. "मग मला देता ती त्याच वाफ्यांतली ना?"

भाऊंना ते लागलं.

"नाही हो ताई. तिथं पानं बारकी येतेत. तुमाले गाळातलीच देतो, हातभर पानाची. तुमाले हलका माल कसा देईन मी?"