झाकणावरून मी उठले नाय

माझं नाव मंदा. माहेर बारवी धरणाच्या वरच्या अंगाला, एका पाड्यावर. आणि पहिलीच गोष्ट रागाची सांगते, म्हणजे पुढचं ऐकायला तुम्हाला सोपं जाईल. आमच्या पाड्यावरून धरणाचं पाणी दिसतं, इतकं दिसतं की डोळे दिपतात, ते पाणी खाली अंबरनाथला जातं, बदलापूरला जातं, उल्हासनगरला जातं, लोक त्यात गाड्या धुतात, आणि आमची आई हंडा घेऊन विहिरीवर. म्हणून आमच्याकडं विहिरीला देवाएवढा मान. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचं काम माझे बाबा करायचे, माझे सासरे पण तेच करायचे, शेजारच्या पाड्यावरचे. उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर दोरी गुंडाळून सगळे घरी. सासरे म्हणायचे, दिवा खोटं बोलत नाय. विहिरीत नसेल बोलत. पण विहीर वेगळी आणि संडासाची टाकी वेगळी, एवढं एक वाक्य आमच्या मालकांच्या डोक्यात घालता घालता माझे केस पांढरे झाले, बघा हे, मेंदी लावलीय म्हणून लाल दिसतात.

आमचे मालक म्हणजे माझा नवरा, रघुनाथ. माणूस सोन्यासारखा, फक्त त्याला नाय म्हणता येत नाय. लग्नानंतर आम्ही अंबरनाथला आलो, मी एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत पॅकिंगला लागले, हे एका टँकरवर ड्रायव्हर, सेप्टिक टँक उपसणाऱ्या. पुढं टँकरचा मालक म्हातारा झाला, त्यानं जुना टँकर आम्हाला दिला. तेव्हा मी कंपनी सोडली आणि केबिनमध्ये जाऊन बसले. लोक विचारायचे, वहिनी, तुम्ही कशाला येता या घाणीत? मी बोलायचे, घाण तुमची, धंदा आमचा, आणि नाय म्हणायला कोणीतरी लागतं ना गाडीत.

काय सांगू तुम्हाला, घरं कशी असतात. वरून बघाल तर इटालियन लादी, आतून बघितलं फक्त आम्ही. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक सिंधी शेटजी, कापडाचं दुकान, मागं घर, फार गोड माणूस, गाडी उभी राहायच्या आत आईस्क्रीम मागवलं. मी बोलले, साईं, पहले टंकी दिखाओ. साईं इकडं बघतात, तिकडं बघतात. टाकी कुठं आहे ते घरात कोणालाच माहीत नाय. बांधली वडिलांनी, वडील गेले, त्यावर तीन वेळा लाद्या बसवल्या. शेवटी पहार घेऊन सगळं घर आम्ही ठोकत फिरलो, कुठं पोकळ आवाज येतो ते ऐकत, आणि आवाज कुठं आला? देवघरापुढं. शेटाणीनं तोंडाला पदर लावला तो आम्ही जाईपर्यंत काढला नाय. मला हसू आवरेना. पण हसण्यासारखं आहे का ते? दोन-तीन वर्षांतून एकदा उपसा, झाकण मोकळं ठेवा, त्यात चिंध्या, पॅड, तेल, ॲसिड टाकू नका, एवढंच आहे हो सगळं शास्त्र. दारातली गाडी दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला जाते, आणि टाकी आठवते कधी, तर पाहुणे जेवायला बसले आणि मोरीतून बुडबुडे यायला लागले की. मग फोन. ताई, अर्जंट. सगळ्या जगाचं अर्जंट.

आणि मग तो प्रश्न, माणूस उतरेल ना आत? हा प्रश्न आला की माझ्या कानशिलातून वाफ निघते. अहो, कायद्यानं बंदी आहे माणूस उतरवायला, उतरवणाऱ्याला तुरुंग आहे. पण विचारतात असं, जसं रिक्षावाल्याला विचारावं, आत सोसायटीत सोडशील ना?

आता कंदिलाचं ऐका. सुरुवातीला मी बरोबर नसताना, आमच्या मालकांनी वडिलांची रीत टाकीला लावली. बदलापूर पूर्वेला एक बंगला, टाकी उघडली, दोरीला कंदील बांधला आणि सोडला खाली. विहिरीत वायू असला तर दिवा विझतो, टाकीतला वायू पेट घेतो, हे यांना कोण सांगणार? भडका असा आला की यांच्या भुवया गेल्या, मिशी अर्धी गेली, आणि वर दोरीवर बंगलेवाल्यांची लुंगी वाळत होती तिला भोक. घरी आले तर चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा. मी आधी पोट धरून हसले आणि मग रडले. आणि हा माणूस मला काय सांगतो? मंदे, दिवा विझला नाय, म्हणजे खाली हवा चांगली होती. सांगा आता. डोकं कुठं आपटू मी?

तेव्हापासून कंदील बंद झाला, पण यांनी स्वतःची नवी रीत काढली. झाकण उघडायचं, बिडी न पेटवता अर्धा तास उभं राहायचं, वास कमी झाला की बोलायचं, गेला वायू. असं करून हे मला चोरून दोनदा उतरून पण आले होते, हे मला पुढं कळलं. आणि मला कंपनीतलं आठवायचं. आमच्या सुपरवायझर बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा बायकांना उभं करून सांगितलं होतं, सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, दाराबाहेर जा. पण वास येत होता आणि एकदम यायचा बंद झाला, तर घाबरा, कारण वायू गेलेला नाय, तुमचं नाक गेलंय. मी हे यांना पन्नास वेळा सांगितलं. हे बोलायचे, कंपनीचा वायू वेगळा, आपला वेगळा. आपला म्हणे. जसा काय घरी पाळलाय.

मग ती बदलापूरची मांजर्ली. गेल्या वर्षी नदी शिरली होती ना आत, पाणी ओसरल्यावर आम्हाला दम घ्यायला वेळ नव्हता. तिथं एक सोसायटी, चार मजली, टाकीत पुराचा गाळ जाऊन बसलेला. सकाळी अकराला गेलो. टँकरचा पाईप टाकला, पातळ होतं ते सगळं ओढलं, पण तळाला दोन-अडीच फूट चिखल, पाईप नुसता घुर्र घुर्र करतो आणि हवा ओढतो. वरून येणाऱ्या पाईपचं तोंडच त्या गाळानं बुजलेलं. सेक्रेटरी साहेब आले, हातात मोबाईल, पायात पांढरे बूट, त्या चिखलात पांढरे बूट, आणि लागले बोलायला की अहो एवढंच राहिलंय, एक माणूस बादली घेऊन आत गेला तर अर्ध्या तासात मोकळं होईल. मी बोलले, साहेब, वरून जोरात पाणी मारू, गाळ सैल करू, बांबूनं ढवळू, आणि मग ओढू. दोन खेपा जास्त होतील, संध्याकाळ होईल, पण होईल. साहेब बोलले, संध्याकाळपर्यंत लोकांनी काय करायचं? आणि माझ्याकडं पाठ करून यांच्याशी बोलायला लागले. दादा, तुम्ही अनुभवी दिसता, दादा, तुमच्यासारखा माणूस हल्ली मिळत नाय.

झालं. दादा म्हटलं की आमचा दादा विरघळला. मी टँकरच्या मागं बांबू सोडवत होते, वळून बघते तर याचा शर्ट झाडाच्या फांदीवर, कमरेला दोरी, आणि नाक वर करून उभा. मला बोलला, मंदे, बघ, वास गेला. आलोच मी.

मी तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मला काही ऐकू येईना. मला पण वास येत नव्हता हो. तेच तर. सकाळी सगळी गल्ली नाक दाबून चालली होती आणि आता उघड्या टाकीवर उभं राहून दोघांनाही वास नाय. मी बांबू टाकला, धावत गेले, यांना असा धक्का दिला की हे जाऊन आदळले शेवग्याच्या झाडावर, आणि ते बिडाचं झाकण, ज्याला दोन माणसं लागतात, ते मी एकटीनं पायानं रेटत रेटत भोकावर आणलं, आणि बसले त्याच्यावर. मांडी घालून. पदर खोचून.

हे ओशाळले. बोलले, अगं उठ, लोक बघतायत. लग्नापासून मी या माणसाला अहोजाहो करते, सासूसमोर कधी मान वर केली नाय, पण त्या दिवशी सगळ्या सोसायटीसमोर मी बोलले, रघ्या, तू शर्ट घाल. तू आत गेलास तर तुला काढायला मी उतरणार, मला काढायला आणखी कोणीतरी उतरणार, आणि सगळे तिथंच राहणार. शर्ट घाल.

सेक्रेटरी साहेबांना घाई. ते जरा वाकले, गोड आवाजात बोलले, बाई, तुम्ही उगाच घाबरता, तुमच्या लोकांना याची सवय असते.

तुमच्या लोकांना. ते ऐकलं आणि माझा राग एकदम थंड झाला, बर्फासारखा. मी बोलले, साहेब, आमच्या लोकांना सवय आहे विहिरी साफ करायची, ज्यांचं पाणी लोक पितात. ही टाकी तुमच्या लोकांनी भरलीय, रोज सकाळी, चारही मजल्यांनी. भरलीत तुम्ही, उतरा तुम्ही. काढा ते बूट. दोरी मी धरते.

साहेब दोन पावलं मागं गेले. वर गॅलरीत कोणीतरी फिसकन हसलं.

मग दीड तास मी त्या झाकणावर. ऊन डोक्यावर. साहेब फोन करतायत, दुसरा टँकर मिळतोय का बघतायत, मी ऐकतेय आणि मनात बोलतेय, येऊ दे, त्यांच्यासाठी पण उठणार नाय. तळमजल्यावरच्या काळे काकू तरातरा आल्या, केस मोकळे, रागानं लाल. वर कोणी पाणी सोडलं की यांच्या न्हाणीघरात उलटं येत होतं. बोलल्या, अहो बाई, उठा ना, माझ्या घरात काय चाललंय बघा येऊन. मी बोलले, काकू, उठते. फक्त मला एक सांगा, काळे काका घरात आहेत का? त्यांना पाठवा खाली. बाकी सगळी तयारी आहे, दोरी पण आहे. काकूंनी माझ्याकडं बघितलं, झाडाखाली उभ्या माझ्या नवऱ्याकडं बघितलं, तोपर्यंत त्यानं शर्ट घातला होता, बटणं वरखाली लावली होती. काकू आत गेल्या, छत्री घेऊन आल्या, माझ्या डोक्यावर धरली, आणि मग वर तोंड करून अशी हाक मारली, अशी हाक, की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. बोलल्या, काम होईपर्यंत कोणी नळ सोडायचा नाय, फ्लश करायचा नाय, ज्याला लागली त्यानं स्टेशनवर जावं. आणि साहेबांना बोलल्या, नाक्यावर गाड्या धुणारा आहे, त्याचं पाण्याचं मशीन आणा. तुम्ही स्वतः जा.

साहेब गेले. पांढऱ्या बुटांनी.

मशीन आलं तेव्हा मी उठले, पाय बधीर झालेले, काकूंनी हात दिला. वरून धार मारली, लांब बांबूनं ढवळलं, तो चिखल हलला तसा त्यातून असे बुडबुडे सुटले, भाकरी फुगावी तसे मोठे, फट फट करत. मी सगळ्यांना मागं लोटलं. यांना पण दाखवलं. हे बघत राहिले. तीन खेपा झाल्या. संध्याकाळी पाच-साडेपाचला टाकी मोकळी, काकूंचं न्हाणीघर मोकळं, आणि एकही माणूस झाकणाच्या खाली गेला नाय. होतं की नाय होत? सगळीकडं होतं. फक्त चार तास जास्त लागतात, आणि ते चार तास द्यायचे नाहीत म्हणून लोक दुसऱ्याचा नवरा द्यायला तयार असतात. हे लिहा तुम्ही. जाड अक्षरात लिहा.

आता तुम्हाला वाटेल, घरी येऊन यांनी माझे पाय धरले असतील. दोन दिवस बोलले नाय माझ्याशी. ताट समोर ठेवलं की भिंतीकडं बघून जेवायचे. तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते कशासाठी, तर लोकांसमोर मला रघ्या बोललीस. आणि वर हे की दोनदा उतरलो होतो ना, आलो ना वर? त्या दिवशीही आलो असतो.

याला मी काय उत्तर देऊ? सांगा. तो उतरला नाय म्हणून काही झालं नाय, आणि काही झालं नाय म्हणून त्याला वाटतं बायकोनं उगाच तमाशा केला. उतरला असता तर मी खरी ठरले असते, आणि त्या खरेपणाला मी काय हळदीकुंकू लावणार होते?

धंदा चालू आहे. उतरत नाय तो आता, फोनवर कोणी विचारलं की बोलतो, बायकोला विचारा, आणि मोबाईल असा माझ्याकडं फेकतो जसा गरम तवा. तुमचं बरं होवो, तुमच्या घरच्या टाक्या वेळेवर उपसा, झाकणावर लादी लावू नका. माझा राग काही जात नाय, जाऊ पण नये. पण रोज जेवताना, भाजीत मीठ कमी असो की जास्त, हा माणूस एकदा तरी बोलतोच, मंदे, त्या दिवशी मांजर्लीत काही झालं नसतं बघ. पहिल्यांदा मी भांडायचे. आता मी त्याला आणखी एक भाकरी वाढते. ऐंशी वर्षांचा होईपर्यंत मला खोटी पाड बाबा. समोर बसून पाड.