दोनदा, बरं का

हॅलो? … हॅलो, आरती? … हां, आईच बोलते. सयाजीभाऊंनी दुकानातनं हाक मारली, तशीच पळत आले. … न्हाई, आबा धरणावर गेल्यात जाळं टाकायला. गोरखदादा नारायणगावला, टमाट्याच्या हंगामाला. घरी मी एकटीच. … बोल की.

… ताप? परत? … कधीपासनं? … आन् मामानं मला कळवलं न्हाई? … तूच नको म्हणलीस! का गं?

… बरं, बरं. रडू नको. डॉक्टरकडं गेलावता ना? … काय म्हणले? … जरा मोठ्यानं, खरखर येतीया. … नळी घालून फोटो काढला. लई दुखलं का? … हां … हां … लघवी खाली यायची ती उलटी वर चढतीया. नव्या किडनीत.

… आगं, तुझ्या पहिल्या दोन्ही त्यानंच गेल्या की! … आं? … न्हाई, घाबरले न्हाई मी. तू सांग. … चांगली चालतीया ना अजून? … हां. मंग झालं तर.

… ऑपरेशन? … लगीच न्हाई. आदी रात्रीची गोळी, पाणी भरपूर, आन् दर दोन तासाला लघवीला जायाचं. जरा थांबून परत एकदा जायाचं, आत काय ऱ्हायलं न्हाई पायजे. … आगं, पण हे तर गेल्या वर्षी किडनी बसवली तवाच सांगितलंवतं! तपासण्या जवळ पडाव्या म्हणून तर तुला पुण्यात मामाकडं ठिवली. तू जात व्हतीस ना?

… आरती?

… मान हलवून मला हितं डिंभ्यात कसं दिसंल? तोंडानं बोल.

… पाणी किती पितीस? … खरं सांग. … एक तांब्या? दिवसभरात? … मामी काय बोलली का? … न्हाई ना. ती बिचारी लई करती तुझं, ठावं हाय मला. … मंग?

… चाळीतल्या बाया. … काय म्हणत्यात? … 'आली परत'. … आन् हसत्यात. संडासच्या लाइनीत, सगळ्यांच्या फुडं. … म्हणून पाणीच सोडलंस. … दाबून धरतीस. … शाळेतबी?

… ऐक. अगं ऐक ना माझं. … न्हाई रागावले. … काय? … 'तुझी किडनी मी खराब केली'? … कोण म्हणलं असं? … तुलाच वाटतं. … येडी का तू? माझ्या कुशीला निस्ता वण ऱ्हायलाय. मी भात लावते, म्हशीमागं फिरते, माझं काय बी अडलं न्हाई. दिली ती दिली. ती तुझीच हाय आता. मला तेवढी तू पायजेस, बाय.

… हो. मलाबी करमत न्हाई. … तुझं अंथरूण? हाय की. रोज झटकते आन् परत गुंडाळून ठिवते. …

हे बघ, मी येते. उद्याच. सकाळच्या एसटीनं घोडेगाव, मंचर, तिथनं पुणं. … म्हशीला आबा हायती. भाकरी थापतील वाकडीतिकडी, खातील. … ऑपरेशन ठरलं तरी मी हाय, न्हाई ठरलं तरी हाय. … लाइनीत मी हुभी ऱ्हाईन तुझ्यासंगं. बघू कोण हसतंय ते! … हां, असं. तू हसलेली बरी वाटतीस.

… शेवटची कधी गेलीवतीस? … दुपारी? आगं बाई! जा, आत्ताच्या आत्ता जा. … न्हाई ठेवत मी. फोन बाजूला काढून ठिव तसाच. मी धरते. … दोनदा, बरं का. जा.

…

न्हाई भाऊ, चालूच हाय. पोर जरा बाहेर गेलीया. … तुमी करा दिवाबत्ती, मी हाय हितं. … तिकडं कुकरची शिट्टी झाली. कुणाचा तरी टीव्ही चाललाय. …

… हॅलो? … हॅलो? … भाऊ, आवाजच गेला. … कट झाला? … लावा ना परत. … एंगेज? … तिनं बाजूला काढून ठिवलाय ना, लागायचा न्हाई. … तरी लावा. ती येऊन कानाला लावंल, आन् मी नसंन. … लावा ना, भाऊ. … परत लावा.