ओर्वेनची शपथ

—नाही गं, ही ओळ मी काढणार नाही. दुसरं काहीही सांग. ओर्वेनची तलवार काढते, तिचा तो एका डोळ्याचा लांडगा काढते, हिमखिंडीचा अख्खा नकाशा पाठीवर गोंदून देते — दोन बैठका लागतील, पण देते. ही ओळ नाही. ‘तुझा श्वास तुझ्यापाशी राहू दे’ — शब्द चांगलेच आहेत, मी कुठे वाईट म्हणतेय? गाथेचे सहा खंड त्या कास्वरचा माग काढला तिनं. ज्यानं तिच्या भावाला खिंडीत मरायला सोडलं त्या माणसाचा. आणि सातव्या खंडात सापडतो तो, आंधळा, मठाच्या पायरीवर बसलेला — आणि ही काय करते? सुरी खाली ठेवते, त्याला पाणी पाजते आणि हे वाक्य म्हणते. आणि तुला ते खांद्यावर हवंय. बस, बस, उठू नकोस. विनिपेगहून एवढ्या बर्फात गाडी हाकत आलीस, कॉफी तरी घे. बंदराकडे एक जण आहे, तो काढून देईल, तो काहीही काढतो.

तू पहिली नाहीस. सातवा खंड आला तेव्हा इथे थंडर बेमध्ये काय झालं म्हणून सांगू — एक ट्रकवाला आला, पोटरीवर ओर्वेनची शपथ होती त्याच्या, मीच काढलेली, म्हणाला काळी करून टाक सगळी, मला ती बघवत नाही आता. एक जोडपं आलं, तिला तुझ्यासारखी ही ओळ हवी होती, आणि तो म्हणाला ही ओळ अंगावर असलेल्या बाईशेजारी मी झोपणार नाही — इथे, या खुर्चीपाशी, तासभर भांडले आणि काहीच न काढता गेले. आमच्या गल्लीत एकानं पुस्तक रस्त्यावर ठेवलं आणि बर्फ लोटणारी गाडी त्याच्यावरून जाईपर्यंत खिडकीत उभा राहिला. आणि इंटरनेटवर तर विचारू नकोस. कुणी रडत होतं, कुणी त्या लेखिकाबाईला देवी म्हणत होतं, कुणी तिच्या घराचा पत्ता शोधत होतं. मीही लिहिलं. एकच वाक्य लिहिलं — बाई, तुम्हाला भाऊ नसणार. बस. हजारो लोकांनी ते उचललं, टी-शर्टांवर छापलं. मला काय त्याचं. मी लोकांसाठी नव्हतं लिहिलं.

हो, माझ्या हातावर शपथच आहे. वाच ना, लाजतेस काय. ‘बर्फ विरेल, वाट विरेल, मी तुझ्या मागे असेन.’ दुसऱ्या खंडातली. ओर्वेन भावाच्या गोठलेल्या हातावर हात ठेवून कास्वरला उद्देशून म्हणते ती. माझ्या भावाचं, रेयोचं, पुस्तक तिथेच उघडं पडलं होतं, त्याच्या पलंगावर, पालथं. म्हणजे शपथेपर्यंत आला होता तो. पुढचं मी वाचलं. घरात माणसं येत होती, आई स्वयंपाकघरात नुसती उभी होती, आणि मी त्याच्या पलंगावर बसून ते पुस्तक वाचत होते — लोकांना वाटलं ही वेडी झाली. झाले असेनही.

काय झालं होतं? काय होणार, मार्च संपत आला होता, खाडीवरचं बर्फ मऊ झालं होतं, आणि दोन पोरं बर्फावरची गाडी घेऊन निघाली — रेयो आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त, वेंडेल. चालवत होता वेंडेल, प्यायलेला. बर्फ फुटलं. वेंडेल सरपटत बाहेर आला. रेयो काठाला धरून होता. आणि वेंडेल — ऐकतेयस ना — वेंडेल घरी गेला. घरी जाऊन पांघरुणात शिरला. कुणाला एक शब्द नाही. सकाळी त्याच्या आईनं ओले कपडे बघितले तेव्हा कळलं. बर्फाच्या काठावर रेयोच्या नखांचे ओरखडे होते, माझ्या वडिलांनी पाहिले ते. कोर्ट म्हणालं, अपघात. पोरगं घाबरलं, म्हणाले. वेंडेल पश्चिमेकडे निघून गेला, आणि मी सुई धरायला शिकले. पहिलं काम स्वतःच्याच हातावर केलं, म्हणून तो ‘ब’ वाकडा आहे बघ.

मग काय? मग परत आला ना तो. पंधरा-वीस वर्षांनी. दारू सोडलेली, बायकोनं सोडलेला, बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागला. आणि आमच्या लायब्ररीत या पुस्तकांचं वाचनमंडळ आहे, तिथे एका संध्याकाळी येऊन बसला. मी उठून जाणार होते. मग म्हटलं, मी का जाऊ? समोरच्या खुर्चीवर बसायचे. वर्षानुवर्षं बसले, एक शब्द बोलले नाही त्याच्याशी. एकदा कुणीतरी विचारलं, तुला ही गाथा कुणी दाखवली, तर म्हणाला, मासे धरायला बसायचो तेव्हा रेयो सांगायचा. माझ्या भावाची गोष्ट त्याच्याकडे होती, कळतंय? तेवढीसुद्धा माझी एकटीची नव्हती.

सातव्या खंडावर बोलायची संध्याकाळ. सगळे भारावलेले. क्षमा किती मोठी, आणि ओर्वेन किती थोर, आणि पाण्याचा तो वाडगा — मी आपली खिडकीबाहेर बघत होते. वेंडेलनं सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग म्हणाला, “हेल्वी, मला पाणी नकोय. पण एकदा माझ्याकडे बघून काहीतरी बोल.”

सगळ्यांनी माना माझ्याकडे वळवल्या. जणू पुस्तकातलं पान त्यांच्यासमोर उघडणार होतं, आणि डोळे आधीच ओले करून बसलेले. मी म्हटलं, “त्याला हात का नाही दिलास?”

तो म्हणाला, “भीती वाटली.”

एवढंच. इतकी वर्षं मी काय काय उत्तरं बनवून ठेवली होती त्याच्या वतीनं — गाडीखाली पाय अडकला असेल, डोकं आपटलं असेल, काहीच आठवत नसेल — आणि हा म्हणतो, भीती वाटली. मी कोट घेतला आणि निघाले. नंतर मंडळातल्या बायका भेटायच्या दुकानात, बाजारात. हेल्वी, किती दिवस जाळत ठेवणार आहेस स्वतःला. मी म्हणायचे, माझं सरपण आहे, मी बघेन. तू हसतेस, पण तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

तर त्यानंतर एके दिवशी तो इथे आला. इथेच, तू बसलीयस तिथे. म्हणाला, तू तोंडानं म्हणणार नाहीस, माहीत आहे मला. ती ओळ माझ्या पाठीवर लिही, तुझ्या हातानं. तीच. तुझी, ‘तुझा श्वास’वाली. पाठीवर का? मला बघायची नाही, म्हणाला, फक्त असू दे. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि म्हटलं, शर्ट काढ.

कळलं ना तुला? हो. तेच केलं. छापा केला तो शपथेचा. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता यावं असं. ‘बर्फ विरेल, वाट विरेल, मी तुझ्या मागे असेन.’ पाठीवर छापा उमटवल्यावर विचारलंही — नियमच आहे तो — आरसा दाखवू का? म्हणाला, नको, तू आहेस ना. मशीन चालू केलं. आयुष्यात इतकं सुबक काम मी केलं नाही. एक रेघ वाकडी गेली नाही, एकही नाही. शेवटी तो उठून मला थँक्यू म्हणाला. तो गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन एवढी हसले, एवढी हसले की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. आणि त्या रात्री झोपले बाळासारखी. नाही, वाईट नाही वाटलं. का वाटावं? त्याला क्षमा हवी होती, फुकट, माझ्याच हातून, माझ्याच शाईनं — मी त्याला ओर्वेन दिली. खरी ओर्वेन, ती पाणी पाजणारी नव्हे.

आणि मजा अशी की तो सौनाला जातो. शनिवारी आमचा सगळा गाव त्या वाफेच्या खोलीत उघडा बसतो. मला कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. माझा टाउनोमामा होता तिथे, त्यानं सांगितलं. वेंडेल आत आला, खालच्या फळीवर बसला, आणि वरच्या फळीवरची माणसं बोलायची थांबली. इथे सगळ्यांना माहीत आहे ती कुणाची शपथ आणि कशाची. शेवटी टाउनोमामानंच वाचून दाखवली त्याला. वेंडेल म्हणाला, पुन्हा वाच. मामानं पुन्हा वाचली. मग वेंडेलनं विचारलं, अक्षर सुबक आलंय का? मामा म्हणाला, हो, सुबक आलंय. मग यानं दगडांवर पाण्याचा डबा ओतला आणि सगळी खोली वाफेनं भरली. बस, एवढंच.

मी वाट बघत राहिले. येईल, ओरडेल, नगरपालिकेत तक्रार करेल, माझं दुकान बंद करवेल — मी सगळी वाक्यं तयार ठेवली होती त्याला तोंडावर मारायला. आलाच नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा सौनात. त्याच्या पुढच्याही. तीच पाठ, उघडी. काळी करून घे म्हणाले त्याला लोक, दुसरं काही काढून घे वर. नको म्हणाला. दर शनिवारी मी मामाला फोन करायचे — झाकली का? नाही झाकली. — अगं, सूड घ्यायचा म्हणजे समोरच्यानं काहीतरी करायला नको का? निदान चिडायला? हा नुसता घेऊन फिरतोय, आणि मी इथे बसलेय फोनपाशी.

आणि आज — तू आज आलीस म्हणून तुला ऐकावं लागतंय, नाहीतर मी एवढी बडबड करत नाही कुणाशी — आज सकाळी त्याची मुलगी आली होती. कॉरिन. आईकडे वाढलेली, तिकडे पश्चिमेला. ही पुस्तकं तिनं उघडूनही पाहिलेली नाहीत. बापाचं हृदय बिघडलंय, हॉस्पिटलमध्ये आहे, उद्या छाती उघडणार आहेत त्याची. मला वाटलं भांडायला आली. मी कंबर कसून उभी राहिले. तर ती पोरगी माझे दोन्ही हात हातात घेते आणि म्हणते, थँक्यू. कशाबद्दल? तर म्हणे, नर्सनं काल त्याला कुशीवर वळवलं आणि पाठ वाचली. ‘मी तुझ्या मागे असेन.’ आणि नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, कोण हो इतकं जीव लावणारं तुमच्या मागे उभं आहे? आणि वेंडेल — वेंडेलनं सांगितलं, माझ्या मित्राची बहीण.

तू वाचलंयस. तू सांग. शाप आहे ना तो? शिकार करणाऱ्या बाईची शपथ आहे ना ती? ‘मागे’ म्हणजे काय, पाठीशी उभं राहणं? — आता त्या मजल्यावरच्या सगळ्या नर्स येऊन वाचून जातात म्हणे. एकीनं ती ओळ फळ्यावर लिहिलीय, बाकीच्या पेशंटना धीर यावा म्हणून. धीर. माझ्या भावाच्या ओरखड्यांसाठी मी गोंदलेली ओळ, आणि लोक ती वाचून ऑपरेशनला जातायत. आणि त्याला माहीत आहे ती काय आहे. त्या सगळ्यांत त्याला एकट्याला माहीत आहे, आणि तो त्यांना सांगत नाही. तिच्यावर उताणा पडून राहिलाय.

मी काय म्हणणार? पोरीला खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. आणि तोंडातून निघालं काय, तर भेटायची वेळ काय असते तिकडे? — का विचारलं, मला काय माहीत. विचारलं.

तर आता जायला हवं. नाही, त्याला भेटायला नाही, काहीतरीच काय. त्या नर्सला सांगायला. कुणीतरी सांगायला हवं ना तिला, की बाई गं, ही माया नाही, हा शाप आहे, आणि तो मी लिहिलाय, शुद्धीत, एकही रेघ वाकडी न काढता. तो फळा पुसायला लावणार. एवढंच करणार आणि परत येणार. त्याच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकणार नाही. आणि झोपलेला असेल तर —

तू अशी बघू नकोस माझ्याकडे. तुमच्या सातव्या खंडातलं काही होणार नाहीये तिथे. ऊठ, कोट घाल. बंदराकडचा तो सहापर्यंत उघडा असतो, त्याच्याकडून काढून घे काय हवं ते. नीघ. दिवा मी घालवते.